पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी

पुण्यातल्या आमच्या आयसीयूत मल्याळी सिस्टर्स बऱ्याच होत्या. कामात त्यांच्यात-आमच्यात डावं-उजवं काही नव्हतं, पण एका बाबतीत त्या आमच्या फार पुढं. कुठल्या देशाला कुठली परीक्षा लागते, कुठल्या एजंटाच्या दारात उभंसुद्धा राहायचं नाही, हे त्यांना कॉलेजात पाऊल ठेवायच्या आधीपासून माहीत असायचं, कारण घरातली कुणीतरी मावशी नाहीतर वहिनी आधीच जाऊन पोचलेली असायची. मी मिरजेची. आमच्या गावात मिशनच्या दवाखान्यामुळं नर्सिंगची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तरी घरात परदेशाचा विषय निघायचा तो इंजिनियर झालेल्या चुलतभावापुरता.

कोविडची पहिली लाट ओसरली आणि 2021 च्या सुरुवातीला जिला तिला बाहेरचे वेध लागले. चेंजिंग रूममध्ये एकच चर्चा, सोपी कुठली? क्लासवाल्यांचे मेसेज यायचे, त्यातही तेच. अमुक परीक्षा सोपी, तमुक महिन्यांत तयारी. आमच्या युनिटमधल्या सगळ्यात सीनियर चेचीला (मल्याळीत चेची म्हणजे ताई) मी हाच प्रश्न विचारला, तर ती इंजेक्शन भरता भरता म्हणाली, “सोपी कौनसी, वो मत पूछ. पास होने के दूसरे दिन क्या, वो पूछ.”

माझी निवड या एका वाक्यावर झाली.

आधी आखाताकडं पाहिलं. तिथं एक परीक्षा नाहीच. दुबईचं लायसन्स वेगळं, अबुधाबीचं वेगळं (जुन्या सिस्टर्स त्याला अजून जुन्या नावानं ‘हाद’च म्हणतात), सौदीचं वेगळं. पेपर कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे, आणि आयसीयूत काही वर्षं काढलेलीला तो जड जाऊ नये. खरा वेळ खातं ते डेटाफ्लो. कॉलेज, कौन्सिल, जुनं हॉस्पिटल, सगळ्यांकडं परस्पर पत्र जाऊन तुमचा कागद खरा आहे का हे तपासलं जातं. एखाद्या ऑफिसातल्या क्लार्कनं ते पत्र टेबलावर ठेवून दिलं की तुम्ही अडकलात. शिवाय 2015 पासून सौदी, कुवेतसारख्या देशांत नर्सची भरती सरकारनं ठरवलेल्या संस्थांमार्फतच होते. त्यात नाव घेतलं जायचं ते केरळ सरकारच्या नोर्का आणि ओडेपेकचं. मल्याळी मुली पुढं का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

पण दुसऱ्या दिवशी काय? कराराची नोकरी, हातात पूर्ण पगार, आयकर नाही, आणि नोकरी संपली की मुक्काम संपला. आमचे हे रत्नागिरीचे. त्यांचे काका उभं आयुष्य कुवेतला राबले आणि साठीला दोन बॅगा घेऊन परत आले. “पैसा झाला, घर बांधलं, पण तिकडचं काहीच त्यांचं नव्हतं,” हे म्हणाले. आमचा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. दर करारागणिक त्याची शाळा टांगणीला लावायची माझी तयारी नव्हती. लग्न व्हायचंय आणि वडिलांचं कर्ज फेडायचंय अशी एखादी मुलगी विचारते तेव्हा मात्र मी आजही तिला आखातच सांगते.

मग एनक्लेक्स, अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा. मला मनापासून आवडलेली परीक्षा हीच, आणि मी दिली नाही तीही हीच.

ही परीक्षा मार्कांवर चालत नाही. तुम्ही उत्तर बरोबर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा, आणि तुमची पातळी कळल्याची खात्री झाली की कॉम्प्युटर आपणहून बंद होतो. आता 2023 पासून कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. 85 ला बंद पडला तर पास की नापास, हे त्यावरून काही कळत नाही. म्हणजे पेपर सोपा वाटायला लागला की घाबरायचं!

पण मी अडखळले ते प्रश्नांच्या धाटणीपाशी. चार पेशंट दिलेले असतात. एकाला ऑपरेशननंतर दुखतंय, एकाची शुगर 210, एकाला घरी सोडायचंय, आणि एक जो सकाळपर्यंत नीट बोलत होता तो आता चुळबुळ करतोय आणि असंबद्ध बोलतोय. आधी कुणाकडं जाल? आमच्याकडं जो जास्त ओरडतो किंवा ज्याचे नातेवाईक काउंटरवर उभे असतात, त्याच्याकडं आधी जायची सवय. इथं उत्तर चौथा, कारण त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असू शकतो. पुढचा प्रश्न, तुम्ही काय कराल? आमचं ठरलेलं उत्तर, डॉक्टरांना कळवू. तो पर्याय तिथं असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. आधी तुम्ही स्वतः तपासा, डोकं उंच करा, ऑक्सिजन लावा, मग कळवा. वॉर्डातल्या मदतनीस मावशींना कुठलं काम सांगायचं आणि कुठलं कधीच सांगायचं नाही, यावर तर प्रश्नांची रांगच. रात्री हे प्रश्न सोडवायचे आणि सकाळच्या राउंडला सरांच्या मागं ट्रे धरून उभं राहायचं, हे त्या महिन्यांत फार खटकायला लागलं. त्या परीक्षेला बसणार नसलात तरी तिचे प्रश्न सोडवा, असं मी आयसीयूतल्या कुणालाही सांगेन.

फी 200 डॉलर, भारतातून देणाऱ्याला वर 150. म्हणजे तेव्हाचे पंचवीस-सव्वीस हजार. तेही जमवलं असतं. पण दुसऱ्या दिवशी काय, हे विचारल्यावर गाडी थांबली. अमेरिकेत नर्स बहुतेक करून ग्रीन कार्डाच्या ज्या गटातून जाते, त्या गटात भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की तेव्हा 2010 च्या आसपास अर्ज केलेल्यांची पाळी चालू होती. तीच परीक्षा तितक्याच गुणवत्तेनं पास झालेली फिलिपिन्सची मुलगी त्या रांगेत नाही, कारण तिच्या देशाची रांगच वेगळी. परीक्षा बुद्धी बघते आणि व्हिसा जन्मस्थान बघतो. क्लासच्या जाहिरातीत यातलं अक्षरही नव्हतं. विचारलं तर तिथले सर म्हणाले, “तुम्ही आधी पास तर व्हा मॅडम.”

उरलं इंग्लंड. पगार अमेरिकेपेक्षा कमी, थंडी आहे, सगळं मान्य. पण नर्ससाठी वेगळा हेल्थ अँड केअर व्हिसा 2020 मध्ये सुरू झाला होता, नवरा-मूल सोबत येऊ शकत होतं, आणि सरकारी रुग्णालयं तिकिटाचा आणि परीक्षेचा खर्च बऱ्याचदा स्वतः करत होती. तिथल्या भरतीच्या नियमांप्रमाणं एजंटानं नर्सकडून पैसे घ्यायचे नसतात, त्यामुळं जो मागतो त्याला ओळखणंही सोपं.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुन्हा परीक्षा? मग इथं दिल्यास त्या कशाला दिल्यास?” याचं उत्तर माझ्याकडं अजूनही नाही.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएस की ओईटी, हा परीक्षेच्या पोटातला आणखी एक पेच. ओईटी जवळपास दुप्पट महाग. तरी मी तीच घेतली. आयईएल्टीएसमध्ये कुठल्याही विषयावर निबंध लिहावा लागतो. मोटारी वाढाव्यात की बसगाड्या, यावर मराठीतसुद्धा मला दोन पानं सुचणार नाहीत. ओईटीत पेशंटच्या नोंदी देतात आणि पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला सांगतात. आयुष्यभर शिफ्ट संपताना ओव्हर देत आलेल्या बाईला ते जमतं. बोलण्याच्या भागात समोरचा घाबरलेला पेशंट होतो आणि आपण त्याला समजवायचं. मी तर बोलता बोलता त्याला बसायला खुर्ची द्यायला निघाले होते.

इंग्लंडच्या नोंदणीची पहिली पायरी सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, मुंबईत दिली. फी 83 पौंड. आधी पंधरा गणितं, मग शंभर प्रश्न. गणितं सोपी, पण शुगरनं घाम काढला. आपण आणि अमेरिका मिलिग्रॅममध्ये बोलतो, इंग्लंड मिलिमोलमध्ये. आपली 180 म्हणजे त्यांची 10. चारच्या खाली गेली की धावायचं, हे अंगात मुरवावं लागलं. या सगळ्यात माझी मूळ सर्टिफिकेटं बॉण्डच्या नावाखाली हॉस्पिटलच्या कपाटात होती. ती सोडवायला जेवढ्या खेपा झाल्या तेवढा अभ्याससुद्धा झाला नसेल.

दुसरी पायरी ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, ती इंग्लंडात पोचल्यावरच. दहा स्टेशनं, फी 794 पौंड, आणि नापास झालात तर मोजक्याच संधी. ज्ञान म्हणून त्यात फारसं काही नवं नाही. हात धुवा, नाव विचारा, जन्मतारीख विचारा, मनगटावरचा पट्टा वाचा, ॲलर्जी विचारा, परवानगी घ्या, मग हात लावा. कोपराखाली काही घालायचं नाही म्हणून बांगड्या गेल्या. पुण्यात आम्ही “सात नंबरला अँटिबायोटिक दिलं का?” असं बोलायचो. इथं सात नंबर कुणी नसतोच. आमच्या बॅचमध्ये अडकले ते हुशार लोकच अडकले. हात सफाईनं चालायचे आणि तोंड बंद राहायचं. परीक्षकाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही, हे ट्रेनिंगवाली बाई दर तासाला बजावायची.

ऑस्की होईपर्यंत पगार खालच्या बँडचा होता. पास झाले, नोंदणीचा पिन नंबर आला, पगार वाढला. चेचीच्या भाषेतला दुसरा दिवस तो. तेव्हा वाटलं, हिशेब बरोबर आला.

पण तो दुसरा दिवस मुक्काम करून बसत नाही. पाच वर्षांनी कायम राहता येईल या बेतानं आम्ही आलो. मे 2025 मध्ये इथल्या सरकारनं ती पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला. त्याच्या आदल्याच महिन्यात ऑस्ट्रेलियानं नियम बदलला. इंग्लंडसारख्या काही देशांत परीक्षा देऊन नोंदणी झालेली आणि 1800 तास काम केलेली नर्स तिथली परीक्षा न देता नोंदणी मागू शकते. म्हणजे मी निवडलेल्या परीक्षेनं मी न निवडलेल्या देशाचं दार उघडलं, आणि ज्या दारासाठी ती दिली ते जरा लोटलं गेलं. हे म्हणतात, थांबू. मुलगा म्हणतो, कांगारू. माझे 1800 तास केव्हाच भरलेत, पण अर्ज उघडलेला नाही. आधी सासूबाईंच्या व्हिजिटर व्हिसाचे कागद लावायचे आहेत, आणि त्यांच्या जुन्या नि नव्या पासपोर्टावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे.