ओठ आणि शब्द

एक्याऐंशी वर्षांच्या आईला अलीकडे कमी ऐकू येते. इंदुरात सून म्हणून आल्यापासून तिने नाटके हौसेने पाहिली. ती तिला घरबसल्या पुन्हा पाहता यावीत, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत मी संगणक बैठकीतल्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे ठरविले. भाषा शिकविण्यात हयात गेलेली. तारांचे शास्त्र मला परके. परंतु संचाच्या पाठीमागील खोबण्या न्याहाळता न्याहाळता थोडे उमगत गेले.

पंधरा पिनांची व्हीजीए ही जोडणी १९८७ सालची. ती केवळ चित्र नेते. आवाजासाठी वेगळी तार हवी. २००२ च्या अखेरीस आलेली एचडीएमआय चित्र व ध्वनी दोन्ही एकाच तारेतून वाहून नेते. दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली महागडी तार पुढे केली. पण या तारेतून अंक धावतात. दोन-चार हातांच्या अंतरात साधी, धड तारही तेच अंक जसेच्या तसे पोहोचविते. मी साधीच घेतली.

शहाणपण येथवर पुरले. पुढे मोह झाला. कै. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर व दोन मोठे स्पीकर कोपऱ्यात होते. आवाज भरदार यावा म्हणून चित्र एचडीएमआयने संचाकडे आणि ध्वनी संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून थेट अ‍ॅम्प्लिफायरकडे, अशी विभागणी केली. नाटक सुरू झाले. भिंती दुमदुमल्या, आई मात्र कपाळाला आठ्या घालून बसली.

"आवाज पुरत नाही का, आई?"

"आवाज पुष्कळ आहे रे. पण ही माणसे काय म्हणतात तेच कळत नाही."

मी आवाज वाढवीत गेलो. पहिला अंक संपण्यापूर्वीच ती उठून आत गेली. तिचे कान आता गेलेच, असे मी मनाशी म्हटले.

रात्री एकट्याने पुन्हा पाहताना ध्यानात आले, शब्द आधी येत होता आणि ओठ मागाहून हलत होते. संच चित्रावर आपले संस्कार करतो, त्यात क्षणाचा काही अंश जातो. थेट गेलेला ध्वनी तेवढा पुढे निघून जातो. मला तो अंश जाणवला नव्हता. आईला तो नडला. कारण ती किती दिवसांपासून अर्धे कानांनी आणि अर्धे ओठांवरून ऐकत होती, हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. कदाचित तिलाही नसावे.

दुसऱ्या दिवशी संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी एचडीएमआय निवडली, चित्र-ध्वनी दोन्ही संचाकडे धाडले, आणि संचाच्याच हेडफोनच्या छिद्रातून अ‍ॅम्प्लिफायरला तार दिली. संच सहसा चित्राइतकाच ध्वनीही थोपवून धरतो. त्यामुळे दोघे जोडीने बाहेर पडले. आवाज कालच्यापेक्षा कमीच ठेवला होता. पहिल्याच विनोदाला आई माझ्याआधी हसली.

"ऐकत नाहीस" म्हणून शाळेत आजवर किती मुलांना रागे भरलो असेन! त्यांतल्या कितींना माझे ओठ दिसत नव्हते, कोण जाणे. सुटीनंतर फळ्याकडे तोंड करून बोलावयाचे मी सोडून दिले आहे.