क्लॅटच्या दारात मराठी माध्यमाचा विद्यार्थी

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलगा पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेला. त्याला बेंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे होते. "वकीलसाहेब, जमेल का ह्याला?" एवढेच त्यांनी विचारले.

नुसते होय म्हणून त्यांना वाटेला लावणे आम्हास प्रशस्त वाटेना. क्लॅट ही प्रवेशपरीक्षा केवळ इंग्रजीतून होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, तेही लांबलचक उताऱ्यांवर. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. साठ-सत्तर हजार मुले बसतात आणि जागा तीन हजारांच्या आसपास. वैद्यकीयची नीट मराठीतून देता येते. ज्या विद्येचा अशिलाशी व्यवहार त्याच्याच भाषेत चालायचा, तिच्या दारात मात्र मराठीला मज्जाव! ही परीक्षा इतर भारतीय भाषांतूनही व्हावी, अशी याचिका २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली आणि बार कौन्सिलनेही तिला अनुकूलता दर्शवली. परंतु या मुलाला निकालाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

जुन्या प्रश्नपत्रिकेतील निष्काळजीपणाविषयीचा एक उतारा आम्ही त्याच्यापुढे ठेवला. पंचवीस मिनिटे गेली. पाचांपैकी एक उत्तर बरोबर. मग तशाच दुसऱ्या उताऱ्याचे आम्ही तोंडी मराठी करून सांगितले. चार बरोबर! पाचव्यावर तो अडला आणि त्याने आम्हालाच विचारले, "सर, वाजवी काळजी म्हणजे कोणाच्या दृष्टीने वाजवी?" हा प्रश्न आम्हाला विधी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातही सुचला नव्हता.

म्हणून आम्ही वडिलांना स्पष्ट सांगितले: बुद्धी तयार आहे, वाचनाचा वेग नाही, आणि तो कमावायला पीयूसीची दोन वर्षे हाताशी आहेत. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायचा आणि त्यातला युक्तिवाद मराठीत चार ओळींत लिहायचा. मराठी सोडायची नाही. विचार तिच्यातच पक्का होतो.

आणखी एक गोष्ट सांगताना आमचीच जीभ क्षणभर अडखळली. बेंगळूरच्या विद्यापीठात कर्नाटकात किमान दहा वर्षे शिकलेल्यांसाठी पंचवीस टक्के आरक्षण आहे. वडील १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी चालणारे. ते खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे कर्नाटकाचा विद्यार्थी म्हणून लिहून द्यायचं?" आम्ही म्हणालो, द्यायचे. पोराने दहा वर्षे इथल्या शाळेत काढली, हे सत्य आहे; त्याने सीमाप्रश्नावरचा आपला दावा सुटत नाही. ते त्यांना पटले की नाही, कळले नाही.

मुलगा आता दर रविवारी दोन उतारे सोडवून आणतो. एका उताऱ्याला लागणारा वेळ पंचवीस मिनिटांवरून सोळावर आला आहे. परीक्षेत मिळतात जेमतेम पाच.