मिठाचा अंदाज

आमच्या घरच्या ईस्टरच्या जेवणाची पहिली चव कधी ख्रिस्ती जिभेने घेतलेली नाही. हे विधान विचित्र वाटेल, पण ते शब्दशः खरे आहे.

धामापुरात आमचे घर माडांच्या आड आहे. १५३० साली बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे भगवतीचे देऊळ येथून फार दूर नाही. राखेच्या बुधवारपासून आई मांसाला शिवत नसे. चर्चचा नियम इतका कडक नाही. परंतु तिचा नेम पूर्ण उपवासकाळाचा होता. ते दिवस ओल्या काजूगरांची उसळ, उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी यांवर निघत. शनिवारी मात्र सणाचा स्वयंपाक करणे भागच असे, कारण मध्यरात्री जागरणाच्या मिस्साहून परतल्यावर उपवास सुटायचा. सोरपोतेल गुरुवारीच शिजवून मुरत ठेवलेले असे, माडीने आंबवलेले सान्नांचे पीठ फुगत असे आणि चुलीवर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातली कोंबडी रटरटत असे. चाखायचे तर नाही; मग मिठाचे काय?

आई कुंपणापाशी जाऊन हाक मारी, "वयनी, जरा मीठ बघशात?"

शेजारच्या वयनीचे वार सोमवार आणि गुरुवार. शनिवार मोकळा. ती येई, तळहातावर रश्शाचा थेंब घेई, डोळे मिटून चाटी आणि निकाल देई, "एक खडो कमी आसा, बाय." डुकराचे मांस तिच्याकडे चालत नसल्यामुळे सोरपोतेलापुरती आईची भिस्त स्वतःच्या नाकावर असे.

विद्यार्थी कधी कधी विचारतात, "मॅडम, तुमच्याकडचे पदार्थ वेगळे असतील ना?" मला उत्तर देताना अडखळायला होते. सोरपोतेल हा शब्द पोर्तुगीज, आणि त्यातली मिरचीही पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आली. पण मिरची आता वयनीच्याही मसाल्यात आहे. रविवारी दुपारी कोंबडीबरोबर आम्ही जे वडे तळतो, त्यांचे तांदूळ, उडीद, धने आणि मेथीचे जाडसर पीठ दोन्ही घरांचे एकाच गिरणीत दळले जाते. आमचे काय आणि त्यांचे काय, ही वाटणी पानात करता येत नाही.

२०२२ साली एक पेच पडला. चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर बहुधा येतोच. त्या वर्षी पौर्णिमा नेमकी शनिवारी, १६ एप्रिलला आली. हनुमान जयंती. वयनीचा कडक उपवास. हाक मारल्यावर ती आली खरी, पण हात पुढे करीना. दोघी टोपाभोवती उभ्या राहिल्या. रश्शाला आलेला तवंग पाहिला, वास घेतला, एकमेकींकडे पाहिले. वयनी म्हणाली, "नैवेद्य तरी आमी खंय चाखतो? घाल अदमासान." आईने खडा टाकला. त्या रात्री रस्सा थोडा अळणीच झाला होता. कोणी काही बोलले नाही. आई मात्र दोनदा वाढून घेऊन जेवली.

तो तिचा शेवटचा ईस्टर ठरला.

पुढच्या वर्षी चुलीपाशी मी होते. मी तिचा नेम पाळत नाही. उपवासकाळातल्या कितीतरी दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी ऑम्लेट खाल्लेले आहे. रश्शाची चव बघायला मला कसलीच आडकाठी नव्हती. पळी ओठांपर्यंत नेलीही. मग ती तशीच खाली ठेवली आणि कुंपणापाशी गेले. श्रद्धेने गेले की सवयीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

हाक मारण्याची गरज पडली नाही. वयनी आधीच वाटेवर होती. तिने तळहात पुढे केला, थेंब चाटला, डोळे मिटले.

"एक खडो कमी आसा," ती म्हणाली.

मी मिठाच्या बरणीत हात घातला.