कशाबद्दल, भाभी?



संवत्सरी झाली की आपण शेजारीपाजारी, दूधवाला, दुकानातला नोकर, सगळ्यांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. आता तर व्हॉट्सॲपवर एकच चित्र दोनशे जणांना जाते. मीही पाठवते. पण 2019 साली एका दारात जाऊन ते तोंडाने म्हणायचे होते, आणि तेवढ्यासाठी पाय उचलत नव्हता.

ते दार आमच्या शेजारच्या बाईंचे. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवले. त्या ख्रिस्ती. चांद्याला एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आले, तेव्हापासून इथे असलेल्या घरांपैकी त्यांचे एक. तीस वर्षांचा शेजार. पर्युषणात त्या आमच्या घरी कांदा घातलेली भाजी कधी पाठवणार नाहीत, आणि नाताळात माझ्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा करतील.

त्यांचा मुलगा गडचिरोली पोलिसांत. नावाला पोलीस, पण तिकडच्या जंगलात काम सैनिकाचेच. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनीच, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. टीव्हीवर आकडा वाढत होता आणि बाईंच्या मुलाचा फोन लागत नव्हता. त्या आमच्याकडेच येऊन बसल्या. चहा केला, तो तसाच गार झाला. रात्री फोन आला. मुलगा दुसऱ्याच ठाण्यावर होता, सुखरूप होता.

बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. गेलेल्यांसाठी केली, त्यांच्या आयांसाठी केली. मग हळूच म्हणाल्या, ज्यांनी सुरुंग पेरला त्यांनाही सद्बुद्धी दे, त्यांनाही क्षमा कर. खरे सांगते, मला ते आवडले नाही. सोळा घरांत चुली पेटल्या नसतील आणि ही क्षमा कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा मी बोलून गेले. “तुमच्यात तर एका गालावर मारले की दुसरा पुढे करायचा असतो ना? मग पोराच्या हातात बंदूक कशाला दिलीत?”

बाई उठल्या. “येते मी,” एवढेच म्हणाल्या. त्यानंतर चार महिने आल्या नाहीत.

आता माझा दुसरा दोष सांगते. पश्चात्ताप व्हायच्या ऐवजी मी बरोबर आहे हे सिद्ध करायचे मी ठरवले. बाईंनीच कधीतरी दिलेला मराठी नवा करार कपाटात होता, तो काढला. गालाची गोष्ट तिथे आहेच, वैऱ्यावर प्रेम करा हेही आहे. पण लूकच्या पुस्तकात भलतेच सापडले. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई येतात आणि विचारतात, आम्ही काय करायचे? मला वाटले, तो सांगेल की तलवार टाका. तो तसे सांगत नाही. लोकांकडून जुलमाने काही घेऊ नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. पुढे एका रोमी शतपतीच्या विश्वासाचे येशू कौतुक करतो. त्यालाही नोकरी सोड म्हणत नाही.

म्हणजे प्रश्न त्यांच्याही घरात दोन हजार वर्षांचा आहे. इसवी सन 295 मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा, बाप जुना सैनिक, ‘मी ख्रिस्ती आहे, फौजेत जाणार नाही’ म्हणाला आणि त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या शतकात रोमचे बादशहाच ख्रिस्ती झाले. मग राज्य सांभाळायचे तर लढाई आलीच. ऑगस्टीनने आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने युद्धाला अटी घातल्या: राजाची आज्ञा हवी, कारण न्यायाचे हवे, मनात द्वेष नको. आणि त्याच अक्वायनसने सांगितले की धर्मगुरूने मात्र शस्त्र धरायचे नाही.

इथे मी थांबले. हे तर आपलेच! साधूला महाव्रत, श्रावकाला अणुव्रत. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची. विरोधी हिंसा, म्हणजे अंगावर आलेल्याला अडवताना होणारी, तिच्यासाठी सवलत. सवलत म्हणजे पुण्य नव्हे, हे महाराजसाहेब दर चातुर्मासात सांगतात. आपण सवलत तेवढी लक्षात ठेवतो.

सगळे ख्रिस्ती मात्र अशी विभागणी मानत नाहीत. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन हे पंथ म्हणतात की नियम सगळ्यांना एकच, कोणीच मारायचे नाही. 1916 मध्ये इंग्लंडात सक्तीची लष्करभरती झाली तेव्हा त्यांतल्या कितीकांनी बंदुकीपेक्षा तुरुंग पत्करला, कितीकांनी रुग्णवाहिका चालवल्या. मेनोनाइट तर आपल्या शेजारी, छत्तीसगडात धमतरीला आहेत. गंमत अशी की 1970 मध्ये नागपूरला सहा चर्च मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले, त्यात लढाईला परवानगी देणारे अँग्लिकनही आहेत आणि युद्धच न मानणारे ब्रेदरनही. एकाच बाकावर. आपल्याकडे चौथ आणि पंचमीवरून उपाश्रय वेगळे होतात, ते आठवले.

माझे माहेर वर्ध्याचे. डिसेंबर 1949 मध्ये जगभरचे शांततावादी सेवाग्रामला जमले होते, त्यांत क्वेकर होते, हे वडिलांकडून ऐकलेले. मगनवाडीत तर लहानपणी कितीदा गेले असेन. तिथे जे. सी. कुमारप्पा राहत. तमिळ ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, मुंबईत चांगली फर्म, ते सोडून गांधीजींकडे आले. 1930 च्या सत्याग्रहात त्यांनी मिशनऱ्यांनाच आवाहन केले की येशूचे असाल तर अहिंसेच्या बाजूने उभे राहा. त्यांचे एक म्हणणे मला कॉमर्सवाली म्हणून फार लागले. वस्तू विकत घेताना तिच्यामागची हिंसाही आपण घेतो. ती दुकानात राहत नाही, आपल्या घरी येते. लढाईचे मूळ ते रणांगणात शोधत नसत, बाजारात शोधत.

आणि मग मला खतावणी आठवली.

आमचे हार्डवेअरचे दुकान. नव्वदच्या दशकात हिशेब मीच लिहीत असे. एक ठेकेदार दर महिन्याला खिळे, बिजागऱ्या, कड्या नेई, लाकडी खोक्यांसाठी. त्याच्या खात्याशेजारी मीच पेन्सिलीने ‘डिफेन्स’ लिहिले होते, कारण माल भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीला जाई. त्या खोक्यांत काय भरतात हे चांद्यात लहान पोरालाही ठाऊक. त्याच भद्रावतीला आपण पौर्णिमेला केसरिया पार्श्वनाथांच्या पूजेला जातो. त्या खात्याची वसुली चोख, कधी बुडाली नाही. मोठ्याची इंजिनीअरिंगची फी त्यातून भरली.

प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना पंधरा कर्मादाने येतात, दुसऱ्याच्या हाती शस्त्र देण्याचा अनर्थदंड येतो. चाळीस वर्षे म्हणते आहे, चालीसकट पाठ. यांना विचारले तर म्हणाले, “खिळा खिळाच असतो. देशाला दारूगोळा लागतोच ना?” लागतो, हे मलाही नाकारता येत नाही. पण मग मी बाईंना कुठल्या तोंडाने विचारले? त्यांचा मुलगा निदान स्वतः जंगलात उभा होता. आम्ही गल्ल्यावर बसलो होतो.

भगवतीसूत्रातली वरुणाची गोष्ट आपण व्याख्यानात ऐकली आहे. नागाचा नातू, बारा व्रतांचा श्रावक, उपवास चालू असताना राजाचे बोलावणे आले. गेला, पण नियम करून गेला: माझ्यावर जो आधी वार करील त्याच्यावरच करीन. समोरच्याचा बाण लागला, मग त्याने मारले, रणातून बाहेर आला, बाण उपटला आणि समाधी घेतली. बाईंचा मुलगा आणि वरुण यांत मी फरक शोधत राहिले. फारसा सापडला नाही.

तर त्या संध्याकाळी गेले. दारातच हात जोडले, “मिच्छामि दुक्कडं.”

बाई म्हणाल्या, “कशाबद्दल, भाभी?”

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले. आधी मे महिन्यातल्या वाक्याबद्दल, मग खिळ्यांबद्दल. त्या आत घेऊन गेल्या. म्हणाल्या, मुलाची निवड झाली तेव्हा त्याही आठवडाभर झोपल्या नव्हत्या. पाद्रीसाहेबांकडे गेल्या, त्यांनी तीच योहानाकडे आलेल्या शिपायांची गोष्ट वाचून दाखवली. म्हणून मुलाला निघताना सांगितले की गावात शिरलास तर कोणाची कोंबडीसुद्धा उचलायची नाही, आणि ज्याने काही केले नाही त्याचे नाव कागदावर लिहायचे नाही. “एवढेच माझ्या हातात होते. बरोबर केले की नाही, अजून कळत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि त्या रात्री क्षमा मागितली ना, ती मला मनापासून आली नव्हती. सांगितले आहे म्हणून मागितली.”

मी काही बोलले नाही. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “चहा टाकू ना? लवकर घ्या मात्र, सूर्य मावळायला वीसच मिनिटे आहेत.”