मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

“दादा, लंडन किती लांब हाय हो?” मुंबई विमानतळाबाहेर, मुलगी आत गेल्यावर तिच्या आईने आम्हाला विचारले.

“विमानानं दहा तास, काकू.”

“म्हंजे आपण परभणीहून रेल्वेनं आलो तेवढंच की!”

काकूंचा हिशेब चुकला नव्हता. परभणीहून मुंबईला रेल्वेने दहा-अकरा तास लागतात. मुंबई–लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमान जाताना साडेनऊ-दहा तास घेते. येताना वारे पाठीशी असल्याने तासभर कमी. सप्टेंबरात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. म्हणजे रात्री २ वाजता निघालेला प्रवासी तिथल्या सकाळी साडेसातच्या सुमारास उतरतो.

पण हे झाले तिकीट खिशात असलेल्यांचे अंतर. आमच्या माणसांचे अंतर वेगळे मोजावे लागते.

१९१६ साली बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे त्यांनी प्रवेश घेतला. पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके समुद्रात बुडाली. बोटीचा प्रवास तेव्हा काही आठवड्यांचा होता, पण पुन्हा लंडन गाठायला बाबासाहेबांना तीन वर्षे लागली. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून बचत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० मध्ये ते निघू शकले. त्या तीन वर्षांत समुद्र काही रुंद झाला नव्हता. पैसा नव्हता, एवढेच!

आज बोट गेली, विमान आले. पण पैशाचे काय? आमच्या वस्तीतल्या या मुलीला विद्यापीठाचा प्रवेश मार्चमध्येच मिळाला होता. शिष्यवृत्तीची यादी लागली ऑगस्टच्या अखेरीस. तिकिटासाठी कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले, “आधी तुम्ही काढा, पावती द्या, मग बघू.” काकूंनी गळ्यातली पोत गहाण ठेवली. बचत गटाच्या बायांनी आणि वस्तीतल्या दोन शिक्षकांनी उरलेली रक्कम उभी केली. त्याआधीच्या वर्षी एका मुलाची यादी वर्ग सुरू झाल्यावर लागली. त्याची जागा गेली. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो. त्याच्यासाठी लंडन किती किलोमीटरवर आहे, हे कोणी सांगेल का?

उशीर म्हणजे नकारच असतो. फक्त त्यावर कोणाची सही नसते. म्हणून आमची मागणी साधी आहे. यादी जूनपूर्वी लावा. तिकीट आणि पहिला हप्ता निघण्याआधी द्या. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती दिली, त्यालाच आधी पैसे भरायला सांगणे हा कुठला न्याय?

सकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. मनमाड मागे पडले आणि दुपारी काकूंचा फोन वाजला. “आई, पोचले.”

पोरगी लंडनला उतरली होती. आमची परभणी अजून लांब होती.

जयभीम!