मुठीवरचा पापणीचा केस

आमच्या लहानपणी पापणीचा केस गळणं ही चांगली बातमी असायची. कुणाच्या गालावर तो दिसला की पाहणारी ओरडायची, "हलू नकोस!" बोटाच्या टोकानं तो अलगद उचलायचा, मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनात काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला तर मागितलेलं मिळणार. गणिताचा पेपर सोपा जावा, बाबांनी सहलीला हो म्हणावं, मैत्रिणीचा अबोला सुटावा, अशी मागणी असायची. पापण्या विरळ होतील, ही धास्ती कुणाच्या मनाला शिवत नसे.

आता माझी भाची सकाळी उठली की आधी उशी चाचपते. दसऱ्याच्या आधी तिनं लॅश एक्स्टेन्शन करून घेतलं आणि थोड्याच दिवसांत अभ्र्यावर काळे केस दिसायला लागले. घाबरून तिनं मला एक दाखवला. खिडकीशी धरून पाहिलं, तर जाड, चकचकीत, वळणदार कृत्रिम केसाच्या बुडाशी तिचा स्वतःचा बारीकसा केस चिकटलेला. तो आपली मुदत संपवून गळला होता आणि जाताना पाहुण्यालाही घेऊन गेला होता.

वरच्या पापणीला साधारण 90 ते 160 केस असतात. प्रत्येकाचं वाढणं, थांबणं, विसावणं आणि गळणं आपापल्या वेळापत्रकानं चालतं, म्हणून रोज दोन-चार गळले तरी पापणी भरलेलीच दिसते. एरवी तोंड धुताना ते कुठं वाहून जातात, कळतही नाही. एक्स्टेन्शन लावलं की तोच केस ठळक होतो आणि मोजला जातो. दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करावं लागतं ते यामुळेच. ऋतू बदलताना ही गळती वाढते, असं पार्लरमधल्या मुली सांगतात. डोक्यावरच्या केसांचं तसं होतं हे अभ्यासातही दिसलंय: उन्हाळ्यात जास्त केस विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि पुढच्या महिन्यांत गळतात. माझी आजी एवढंच म्हणायची, "पाऊस सरला की केस जायचेच, फणीतले मोजू नयेत."

डोळ्यांचं कौतुक आजीच्या घरात कमी होतं असं मात्र नाही. माक्याच्या रसात भिजवून वाळवलेल्या कापडाची वात, एरंडेलाचा दिवा, त्यावर दोन वाट्यांच्या आधारानं उपडं घातलेलं तांब्याचं ताट. रात्रभर त्यावर काजळी धरायची. सकाळी ती खरवडताना आजी आम्हाला श्वास रोखायला लावायची, कारण एका शिंकेत सगळं उडून जायचं. थेंबभर साजूक तुपात ती घोटायची आणि चांदीच्या डबीत भरायची. करंगळीनं काजळ घालून झालं की बोटावर उरलेल्या काजळाची तीट धाकट्याच्या गालावर लागायची. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असं डॉक्टर आज सांगतात आणि ते योग्यच आहे. बोटावरचे जंतू थेट डोळ्यांत जातात. पण त्या ताटाखालच्या उजेडाची आणि जळत्या एरंडेलाच्या वासाची आठवण मला अजून सोडत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या काळाची आणि या काळाची गाठ पडली. पाटावर बसलेल्या भाचीच्या कपाळावर मी तेल चोळायला घेतलं, तर ती म्हणाली, "मावशी, डोळ्यांजवळ तेल नको हं, ग्लू सुटतो." तिचं खरंच होतं. तेलानं एक्स्टेन्शनचा डिंक सैल पडतो. आम्ही तर तेल डोळ्यांत गेलं की रडून घ्यायचो आणि मगच उटणं लागायचं. मी हात कानशिलापाशी थांबवला. अभ्यंगस्नान झालं, पण थोडं अपुरं वाटलं, हे सांगायला हवं.

तिच्या हौसेला माझी ना नाही. नटणं आमच्याही पिढीला प्रिय होतं. साठ-सत्तरच्या दशकातल्या नायिकांच्या लांबलचक पापण्या आम्ही पडद्यावर डोळे भरून पाहिल्यात. मला खटकते ती भीती. एक्स्टेन्शन गळेल म्हणून कित्येक मुली डोळ्यांना पाणीच लावत नाहीत. मग मुळाशी तेल, घाम, पावडर साचते, कोंडा धरतो आणि पापणीची कड सुजते. खरं तर पहिला दिवस जपला की रोज तेलविरहित सौम्य फेसानं डोळे मिटून धुवावेत, टिपून कोरडे करावेत, छोट्या ब्रशनं केस विंचरावेत. पालथं झोपू नये, डोळे चोळू नयेत.

आणि किती लांब, यालाही मर्यादा असावी. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या 22 प्रजातींच्या पापण्या मोजल्या. डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश लांबीचे केस वारा आणि धूळ उत्तम अडवतात. त्याहून लांब केस उलट वारा डोळ्यांकडे वळवतात, असं त्यांना आढळलं. शिवाय जड केसांचं ओझं महिनोन्महिने राहिलं, तर मूळ केस कमजोर होतो.

म्हणून मुलींनो, हौस करा, पण अधूनमधून पापण्यांना मोकळं ठेवा. सुटत आलेलं एक्स्टेन्शन ओढून काढू नका, ज्यांनी लावलं त्यांच्याकडूनच उतरवून घ्या. आणि डोळे लाल झाले किंवा पापण्यांच्या मुळाशी खाज-सूज आली, तर रिफिलची वाट न बघता नेत्रतज्ज्ञाकडे जा.