आवाज नसलेली गाडी

विजेच्या स्कूटरवरून पाड्यात शिरायचं असेल तर शेवटच्या वळणाआधी हॉर्न द्यावा. दोनदा, आखूड. कर्कश नको, पण अंगणातल्या माणसाला मान वर करायला वेळ मिळेल इतका आधी. मी खोडाळ्यात राहते आणि सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. माझी विजेची गाडी घेऊन जाऊ लागल्यापासून ही सवय लावून घेतली आहे.

पेट्रोलची गाडी पलीकडच्या उतारावर असतानाच ऐकू येते. ग्रामसेवकाची कुठली, किराणावाल्याची कुठली, हे इथले लोक आवाजावरून सांगतात. पाहुणा येईपर्यंत तो कोण, हे पाड्याला कळलेलं असतं. विजेची गाडी ही सवडच देत नाही. भात सडणारी बाई मान वर करते तर समोर हेल्मेट घातलेलं कुणीतरी उभं. चेहरा नाही, आवाज नाही. तिचा राग त्या दचकण्यातून येतो, आणि मला तो पूर्ण रास्त वाटतो. युरोपात नव्या धाटणीच्या विजेच्या मोटारींना ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगात कृत्रिम आवाज करणं 2019 पासून सक्तीचं आहे. दुचाकींना तो नियम लागू नाही. आमच्यासारख्यांनी आपला आवाज आपणच करायचा.

एवढी काळजी कशासाठी, असं शहरातले नातेवाईक विचारतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेकरी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. पोलीस पोहोचले होते, तरी जमाव आवरला नाही. दोन्ही ठिकाणी आधी फोनवरून अफवा फिरत होत्या. या घटनांनी मला एकच गोष्ट शिकवली: जमाव जमल्यावर ओळख सांगून उपयोग नसतो. ओळख आधी पोहोचावी लागते, गाडीच्याही आधी.

म्हणून अनोळखी पाड्यावर मी थेट अंगणात गाडी नेत नाही. पहिल्या घराच्या अलीकडे थांबते, हेल्मेट काढते, स्टँड लावते, किल्ली बंद करून काढून घेते. किल्लीचं एवढं का, तर ही गाडी चालू असूनही मुकी असते. कुणी हँडल धरून जाब विचारायला लागलं आणि मूठ जराशी पिळली गेली, तर ती समोरच्याच्या अंगावर उडी घेते. बाचाबाचीचं रूपांतर मारामारीत व्हायला तेवढं पुरतं. माझ्या गाडीला साइड स्टँड लावला की मोटर बंद होते. तरी किल्ली काढतेच, कारण मूठ पिळून बघायला पोरं टपलेली असतात. खिशातला फोन बाहेर येत नाही. चित्रण करतोय असा नुसता संशय आला तरी बोलणं संपतं. आणि कंबरेच्या कोयत्याकडे बघून चेहरा बदलू द्यायचा नाही. इथे कोयता रोजच्या कामाचा आहे. नवखा माणूस त्याला भितो, आणि त्याची भीती समोरच्याला अपमानासारखी लागते.

होळीच्या आधी एका पाड्याच्या वाटेवर लाकूड आडवं टाकलेलं होतं आणि दोन तरुण उभे होते. "कुठं चालली? कोणाची गाडी ही?" मुलं पळवणाऱ्यांचा कसलासा संदेश फिरत होता. मी गाडी बंद केली आणि म्हटलं, "दादा, मी शाळेची बाई. पोलीस पाटलांकडे नेता का मला?" मग त्यांच्या पाड्यातून शाळेत येणाऱ्या मुलांची नावं घेतली. मागून एक म्हातारी आली, तिने नाव ओळखलं, "माझ्या नातीची बाई गं तू?" लाकूड त्या पोरांनीच बाजूला केलं. मला त्यांचा राग आला नाही. आपली लेकरं राखायला ती उन्हात उभी होती.

संशयाला इथे जुनी कारणंही आहेत. बाहेरचा माणूस येतो तो बरेचदा काहीतरी मोजायला. आमच्या मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभं राहिलं, शंभर मीटरांहून उंच. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. माझ्या गाडीची पाटी हिरवी, त्यावर पांढरी अक्षरं, विजेच्या खासगी गाडीला असते तशी. ती बघून "सर्वेची गाडी का?" असं विचारलं गेलं की मी चिडत नाही. पाटीचा अर्थ सांगते, बॅटरी उघडून दाखवते. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

पावसाळ्यातल्या रविवारचा त्रास मात्र निराळा. विहीगावचा धबधबा 'अशोका' सिनेमाच्या चित्रीकरणामुळे त्याच नावाने ओळखला जातो, आणि जुलैत तिथून वर खोडाळा-सूर्यमाळपर्यंत गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या काहींना बाई एकटी, गाडी बिनआवाजाची, एवढं पुरतं. शेजारी गाडी चालवत टोमणे मारतात, पुढे घालून ब्रेक दाबतात. इथे भीती नाही, दारू आणि मस्ती आहे. म्हणून पाड्यावरचा माझा सगळा रिवाज इथे उलटा होतो. थांबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, शर्यत तर नाहीच. थांबायचं ते माणसं असतील तिथेच, ओळखीच्या टपरीवर किंवा थेट खोडाळ्याच्या नाक्यावर. 112 नंबर लक्षात आहे, पण या वळणांवर रेंज सलग मिळत नाही, त्यामुळे भिस्त टपरीवाल्या मावशींवरच जास्त.

आणि चार्ज. कंपनी सांगते ते अंतर सपाटीचं. चढाला, पाठीवर वह्यांचं ओझं आणि समोरून वारा असला की ते भराभर आटतं, उतारावर थोडंसं परत मिळतं. मी परतीला लागेल त्याच्या दुप्पट चार्ज असल्याशिवाय निघत नाही. जास्तीचा चार्ज रस्ता बदलता यावा म्हणून असतो: समोर टोळकं दिसलं तर गाडी वळवून मोखाड्याच्या बाजूने लांबून येता यावं. जिच्याकडे वळायचा पर्याय आहे तिचा आवाज चढत नाही, हात थरथरत नाहीत. गाडी घेताना मुली रंग आणि वेग विचारतात. त्यांना मी बॅटरीबद्दल विचारायला लावते.

यंदा शेजारच्या शाळेवर नवी शिक्षिका रुजू झाली. अशीच गाडी घेणार होती, मला विचारायला आली. मी तिला म्हटलं, आधी एसटीने ये आणि पाडे पायी हिंड. पोलीस पाटील, अंगणवाडीच्या ताई, दुकानदार, पाणवठ्यावरच्या बाया, सगळ्यांना चेहरा दिसू दे. गाडी दिवाळीनंतर घे. तेव्हा निम्मी घरं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, पण मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि पोरं तुला ओळखत असतील. तिने ऐकलं. सध्या ती पायीच हिंडते आहे, आणि गाडी कुठली घ्यायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.